आई-अप्पा पहिल्यांदाच विमानात: "बॅग तुम्हीच भरली का?" याला काय सांगायचं?

फैजपूरचा, सध्या पुणे

नमस्कार मंडळी. आई-अप्पा पुढच्या महिन्यात ताईकडे शिकागोला चाललेत, मुंबईहून अबू धाबीमार्गे. दोघंच. विमानात बसायची दोघांचीही पहिलीच वेळ. अप्पांना इंग्रजी वाचता येतं, पण बोलायची वेळ आली की गप्प होतात. आई जगात कोणाशीही बोलते, पण आपल्याच बोलीत, आणि समोरच्याला सगळं कळतंय असं धरून.

तिकीट, व्हिसा, विमा झालं. आता घरात जे चाललंय त्याची धास्ती आहे. ओसरीवर दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्यात आणि गल्लीतलं जो तो येऊन काहीतरी ठेवून जातोय. उडदाचे पापड, बिबड्या, कुरडया, काळा मसाला, कळण्याचं पीठ, कैरीचं लोणचं, घरचं तूप, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. आईने भरिताच्या वांग्याचं बी पुरचुंडीत बांधलंय, ताईच्या अंगणात लावायला. मांड्यांसाठी खापर न्यायचंय, तेही हातात धरून, कारण बॅगेत फुटेल. वरून समोरच्या काकूंनी त्यांच्या डेट्रॉइटच्या सुनेसाठी कापडात शिवलेलं एक पार्सल आणून दिलंय. "तिकडे गेल्यावर पोस्टात टाकून द्या" म्हणे.

प्रश्न दोन. यातलं काय जाईल? आणि दुसरा जास्त अवघड. "बॅग तुम्हीच भरली का, कोणी काही न्यायला दिलंय का" असं विचारतात म्हणे. काकूंचं पार्सल सांगू नका असं मी अप्पांना म्हणालो तर ते म्हणे, "मी काऊन खोटं बोलू?" खरं सांगायचं तर अर्ध्या गल्लीची नावं सांगावी लागतील.

शेवभाजी फुल तिखट

गल्लीची नावं सांगून झाली की अधिकारी विचारेल, आमच्यासाठी काय आणलं? पापडाचा एक गठ्ठा वरच ठेवा.

बाकी धागा वाचतोय. आमच्याकडेही दिवाळीनंतर हाच सोहळा आहे.

शिकागोत भुसावळ

आधी सामानाचं बोलू, ते सोपं आहे.

सुकं खोबरं काढून ठेवा. हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. हसू नका. वाळलेल्या खोबऱ्यात तेल असतं, ते बंद जागेत आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून जगभरात त्याची गणना घातक मालात होते. धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे, १३६३. भारतातही २०२२ पासून प्रवाशांच्या मनाई यादीत ते आहे. काळ्या मसाल्यात भाजून वाटलेलं गेलंय ते गेलं, त्याला कोणी विचारत नाही. वाट्या मात्र मुंबईतच निघतील. शिकागोत देवॉन अव्हेन्यूवर खोबरं ढिगाने मिळतं.

तूप, लोणचं, ठेचा हे सगळं द्रव धरतात. जे पसरतं, ओघळतं, डब्याचा आकार घेतं ते द्रव. हातातल्या बॅगेत एका डबीत १०० मिलीच्या वर नाही, आणि सगळ्या डब्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. डबी अर्धीच भरलीय हे कारण चालत नाही, डबीवर छापलेलं माप बघतात. म्हणून लोणचं-तूप चेक-इनमध्ये, दुहेरी पिशवीत, झाकणाला चिकटपट्टी.

पीठ आणि मसाला पण खालीच जाऊ द्या. भारतात तिखट-मसाला हातातल्या बॅगेत चालू देत नाहीत, आणि अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातात असेल तर २०१८ पासून वेगळी तपासणी करतात. कळण्याचं पीठ करड्या रंगाचं असतं, ते काय आहे हे इंग्रजीत सांगत बसण्यापेक्षा वर चिठ्ठी लावा.

वांग्याचं बी नाही म्हणजे नाही. पेरायच्या बियाण्याला परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. कच्चा तांदूळ आणि हरभरेही प्रवाशांकडून घेत नाहीत, खापरा नावाच्या धान्यकिड्यामुळे. ताजा कढीपत्ता, बोरं, आंबा हेही नाही. हे सुरक्षा तपासणीवाले बघत नाहीत, ते कस्टमवाल्यांच्या शेती विभागाचं काम. त्यांनी विचारलं "खायचं काही आहे का", तर उत्तर एकच: हो आहे. दंड बहुतेक लपवल्याचा होतो. सांगितलं तर फार फार तर वस्तू ठेवून घेतात.

खापर. भो, मी समजू शकते. पण ते मोठं, जड आणि पडद्यावर गडद दिसणार, म्हणजे बॅग उघडणार आणि तिथे जो उभा असेल त्याच्या मनावर राहणार. कपड्यांत गुंडाळून खाली टाका, फुटलं तर फुटलं. इकडे आम्ही उलट्या कढईवर मांडे करतो. आईंना पटणार नाही, मला माहीत आहे.

धुळे ३२५ (निवृत्त)

मी सुरक्षा दलात होतो, त्यातली काही वर्षं विमानतळावर काढली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर भुसावळच्या ताईंनी दिलंय. दुसऱ्या प्रश्नावर लोक हसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२३ जून १९८५. एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब एका बॅगेत होता. ती बॅग व्हँकुव्हरला चढली, बॅगेचा मालक चढलाच नाही. त्यानंतर जगभर नियम घट्ट झाला: माणूस विमानात नसेल तर त्याची बॅगही जाणार नाही. आजही कोणी गेटवर पोचलं नाही की विमान थांबवून त्याच्या बॅगा पोटातून शोधून काढतात. उशीर होतो तो त्यामुळे.

मग गुन्हेगारांनी दुसरी वाट काढली. मालक विमानात बसेल, पण बॅगेत काय आहे हे त्यालाच माहीत नसेल. १७ एप्रिल १९८६, लंडनचं हीथ्रो. एक गरोदर आयरिश बाई इस्रायलला निघाली होती. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने प्रेमाने बॅग दिलेली. विमानतळाच्या नेहमीच्या तपासणीतून ती बॅग पार झाली होती. गेटजवळ इस्रायली विमान कंपनीच्या माणसांनी तिला साधे प्रश्न विचारले. कुठे उतरणार, कोणाला भेटणार, बॅग कोणी दिली. उत्तरं जुळेनात. बॅग रिकामी करून उचलली तरी जड लागली. तळाखाली सुमारे दीड किलो स्फोटक निघालं. तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्यासकट पोटातलं बाळ आणि साडेतीनशेच्या वर माणसं वाचली.

म्हणजे तपासणी ज्याच्यावर संशय आहे त्याचीच नसते. तुमचे अप्पा भला माणूस आहेत हे बघणाऱ्यालाही दिसतं. अप्पांच्या भलेपणाचा फायदा कोणी घेतलाय का, हे तो विचारतोय.

काकूंचं शिवलेलं पार्सल नेऊ नका.

अमळनेरनं पोऱ्या

साहेब, तुमचं सगळं खरं. पण गावमा ऱ्हावानं शे आमले. "काकू, तुमचं पार्सल नेत नाही" म्हटलं की काकू वरीसभर बोलाव नही. आणि ती एकटी नाही, तिची जाऊ, तिची नणंद, भजनी मंडळ. परदेशात जाणारा माणूस म्हणजे सगळ्यांच्या लेकरांपर्यंत पोचायची वाट असतो. कुरिअरचे पैसे सांगून बघा, पार्सलातल्या मालापेक्षा जास्त होतात. माझी मावशी दुबईला गेली तेव्हा तिच्या बॅगेत तिचे स्वतःचे दोनच लुगडे होते. बाकी सगळा गाव.

तुम्ही विमानतळावरून बघता, आम्ही ओसरीवरून बघतो.

धुळे ३२५ (निवृत्त)

अमळनेरकर, मी पण ओसरीवरलाच आहे, भो. न्यायचं नाही असं म्हणत नाही. शिवलेलं न्यायचं नाही असं म्हणतोय. काकूंच्या समोर उसवा, एकेक वस्तू बघा आणि आपल्या हाताने आपल्या बॅगेत लावा. मग कोणी विचारलं तर अप्पांनी खरंच सांगायचं: शेजाऱ्यांनी पापड आणि कपडे दिलेत, आम्ही उघडून बघितलेत, बॅग आम्ही दोघांनी भरली. यात खोटं काही नाही आणि अडचणही नाही. उघडायला जो नाही म्हणेल त्याचं पार्सल घेऊ नका, मग तो सख्खा का असेना.

नंदुरबारची लेक

मी आखातात नर्स आहे. अमळनेरच्या मावशींचा किस्सा वाचून हसले, पण एक गोष्ट हात जोडून सांगते. ज्यांचे लोक दुबई-शारजा-अबू धाबीला उतरणार आहेत त्यांनी खसखस आणू नका. आपल्याकडे भाजीच्या वाटणात पडते, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. सिंगापूरलाही मनाई आहे. आपल्याकडचे लोक यापायी तुरुंगात गेलेत. मसाल्याच्या पार्सलात कोणी पुडी टाकली तर तुम्हाला वासावरून कळणारही नाही.

दुसरं औषधं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या यांवर तिथे कडक नियम आहेत. "सुनेसाठी चार पट्ट्या गोळ्या" हे पार्सल कधीच घ्यायचं नाही. स्वतःच्या गोळ्या मूळ पट्टीत, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, आणि हातातल्या बॅगेत. आठवड्याच्या प्लास्टिक डबीत मोकळ्या करून भरलेल्या गोळ्या बघून कोणाला काय कळणार?

रावेर केळी

मी दुसऱ्या टोकाचं सांगतो. कोरोनाच्या आधी आमचा केळी उत्पादकांचा गट इस्रायलला शेतीचं प्रदर्शन आणि ठिबकची शेतं बघायला गेला होता. आपल्या जळगाव जिल्ह्याला ठिबकचं वेड, आणि ठिबकचं माहेर ते. तिकडची तपासणी जगात सगळ्यात कडक म्हणतात. १९७२ साली तेल अवीवच्या विमानतळावर तीन जपानी तरुणांनी व्हायोलिनच्या पेट्यांतून बंदुका काढून २६ माणसं मारली, तेव्हापासून.

जाताना फार काही नव्हतं. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक निळी चिठ्ठी देतात. खरी परीक्षा येताना. बोर्डिंग पास घ्यायच्या रांगेतच, बॅग पट्ट्यावर जायच्या आधी, पंचविशीतली पोरं-पोरी येऊन उभी राहतात. आवाज चढवत नाहीत. कुठून आलात, कोण कोण ओळखीचं, कोणत्या हॉटेलात राहिलात, तिथून निघाल्यापासून बॅग कुठे होती, कोणी भेट दिली का. मग तोच प्रश्न जरा फिरवून परत. दोघा मित्रांना वेगळं करून तेच विचारतात. मग पासपोर्टच्या मागे एक पट्टी चिकटवतात, त्यावरच्या पहिल्या आकड्यावरून पुढे किती उकरायचं ते ठरतं.

आमच्या गटाची गंमत अशी की प्रदर्शनात सगळ्यांना सारख्याच पिशव्या मिळाल्या होत्या. आत माहितीपत्रकं, ड्रीपरचे नमुने, नळीचे तुकडे. "ही पिशवी कोणी दिली?" "कंपनीने." "तुमच्या हातात कोणी दिली?" आता तिथे कोणाला माणूस आठवतोय? सगळ्या पिशव्या उलट्या करून बघितल्या. नळ्यांमधून आरपार बघितलं.

पुढे एकाच्या हाताला आणि बुटाला कापडाची पट्टी फिरवून ती यंत्रात घातली, आणि लाल दिवा. आमच्यातला सगळ्यात गरीब माणूस. त्याला बाजूला बसवला. ते यंत्र स्फोटकांतल्या रसायनांचा अंश हुंगतं आणि नायट्रेटला फार हळवं असतं, म्हणजे खतंही त्यात येतात. तो बागेत खत टाकायचे बूट तसेच घालून आला होता. "शेतकरी आहे, खत" एवढं दुभाष्याने सांगितल्यावर दुसऱ्यांदा पट्टी फिरवली, बॅग तपासली आणि सोडला. त्या पोरीने जाताना त्याला विचारलं, एका झाडाला किती किलोचा घड येतो?

शेतकरी असाल तर नवे किंवा धुतलेले बूट घाला. हाताला ग्लिसरीनचं मलम नको. हृदयाच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्यांमुळेही तो दिवा लागू शकतो, म्हणून चिठ्ठी जवळ ठेवा.

शेवभाजी फुल तिखट

शेवटचा प्रश्न तपासणीचा होता की उत्सुकतेचा?

रावेर केळी

ते आम्हाला अजून कळलं नाही. त्याने सांगितलं, आणि भाव पण सांगितला.

कसारा घाट

सगळे नियमाचं कौतुक करताय. मी कामानिमित्त सारखा फिरतो. माझ्या बोर्डिंग पासवर इंग्रजी एस अक्षर चार वेळा छापून यायचं. ते आलं की ऑनलाइन चेक-इन बंद, गेटवर बाजूला काढणार, बॅग पूर्ण उघडणार, फोन चालू करून दाखवा, सगळं पुसून बघणार. त्याच रांगेत मागचा गोरा सरळ जातो. "यादृच्छिक" म्हणतात. मला ते पटत नाही. अब्दुल कलामांसारख्या माजी राष्ट्रपतींची २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीने रांगेत झडती घेतली, नंतर माफी मागितली. २०१० मध्ये अमेरिकेतल्या आपल्या राजदूत मीरा शंकर यांना मिसिसिपीच्या विमानतळावर बाजूला घेऊन हाताने तपासलं, त्या साडीत होत्या. राजदूताची ही गत तर फैजपूरच्या मावशींचं काय?

धुळे ३२५ (निवृत्त)

घाटसाहेब, अन्याय होत नाही असं मी म्हणणार नाही. नावाची सरमिसळ होते, चेहऱ्यावरून ठरवणारे लोकही असतात. तुमच्यासारख्यांसाठी अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याकडे अर्ज करून रिड्रेस नंबर मिळतो, तो तिकिटात टाकला की सारखं नाव असलेल्या दुसऱ्याचा ताप तुमच्यामागे लागत नाही. केला नसेल तर करा.

पण एक सांगू का. मी पडद्यासमोर बसलोय. तिथे माणूस दिसत नाही, बॅगेचं पोट दिसतं. धातू निळा, सेंद्रिय वस्तू नारिंगी, मधलं हिरवं. स्फोटकं बहुतेक सेंद्रिय, आणि तुपाचा डबा, मिठाईचा ठोकळा, पापडाचा घट्ट बांधलेला गठ्ठा हेही सेंद्रिय. सगळे तसेच दाट, नारिंगी. त्यावर चार्जरच्या वायरींचं भेंडोळं पडलं असेल तर कोणाचीही बॅग उघडेल, राजदूताची असो की केळीवाल्याची. वायरी वेगळ्या ठेवा, पापड पसरून लावा. निम्मा त्रास तिथेच जातो.

कसारा घाट

रिड्रेसचा अर्ज केलाय, त्यानंतर कमी झालं हे मान्य. उरलेल्या निम्म्या त्रासाबद्दल आपलं जमणार नाही. सोडून देऊ.

फैजपूरचा, सध्या पुणे

मंडळी, खूप आभार. बूट-खताचं अप्पांना वाचून दाखवलं, ते लगेच उठून चपला बघायला गेले.

आणखी अडचणी. आईचा उजवा गुडघा बदललेला आहे. हातात पाटल्या आहेत, त्या लग्नापासून निघालेल्या नाहीत, जोडवी पण. आणि ती साडीच नेसणार. ताई म्हणते पंजाबी ड्रेस घाल. घरात त्यावर दोन दिवस अबोला होता.

शिकागोत भुसावळ

साडीला काही हरकत नाही. फक्त हे माहीत असू द्या: तिकडच्या उभ्या काचेच्या यंत्रात दोन्ही हात वर करून उभं राहावं लागतं. ते एक्स-रे नसतं, मिलिमीटर लहरी असतात, त्या कपड्यातून जाऊन अंगावरून परत येतात. निऱ्यांचा जाड थर आला की तिथे पिवळा चौकोन उमटतो आणि मग हाताने चाचपतात. बाईच चाचपते. नको वाटलं तर वेगळ्या खोलीत करा म्हणायचा हक्क आहे, आणि सोबत अप्पांना थांबवता येतं. निऱ्यांना पाच पिना टोचू नका, एक पुरे. भारतात बायकांची तपासणी पडद्याआड असते, तिथे आईंना सोपं वाटेल.

गुडघा वाजणारच. शस्त्रक्रियेचं कार्ड असलं तरी तपासणी टळत नाही, पण बोलणं वाचतं. यंत्रात शिरायच्या आधी गुडघ्यावर हात ठेवून दाखवायचं. वाजल्यावर सांगितलं की मग सगळे सावध होतात. पाटल्या-जोडवी राहू द्या. अंगावर बरंच सोनं असेल तर मुंबईत कस्टमकडून निघतानाच नोंद करून प्रमाणपत्र घ्या, नाहीतर येताना "हे तिकडून आणलं का" यावर वाद होतो. त्यासाठी वेळ जास्तीचा धरा.

नंदुरबारची लेक

व्हीलचेअर सांगितली का? गुडघा आहे म्हणजे कारण खरं आहे. विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवा. खुर्ची ढकलणारा माणूस तपासणीपासून गेटपर्यंत सोबत असतो, अबू धाबीतही दुसरा मिळतो. इंग्रजी न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा मोठा आधार नाही. आई "मी काय लंगडी आहे का" म्हणतील. माझ्या सासूबाई तेच म्हणाल्या होत्या, आता स्वतः मागून घेतात.

पारोळा ते टोरांटो

अबू धाबीचं कोणी नीट सांगितलं नाही, म्हणून लिहितो.

तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं, २०१४ पासून. आखातात अशी सोय फक्त तिथेच. म्हणजे मुंबईची तपासणी झाली, तरी अबू धाबीत पुन्हा सुरक्षा तपासणी, मग अमेरिकी अधिकाऱ्यासमोर उभं राहणं, बोटांचे ठसे, फोटो, प्रश्न. तुमची चेक-इन बॅग तिथे हातात येत नाही, पडद्यावर तिचा फोटो दाखवून "हीच का" विचारतात. म्हणून बॅगेला ठळक रंगाची फीत बांधा, दोघांना वेगवेगळी. हे सगळं झालं की शिकागोत देशातल्या देशात आल्यासारखं बाहेर. थकलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे चांगलं, पण मधला वेळ दोन तासांचाच असेल तर धावपळ होईल. चार तास असू द्या.

मुंबईत तपासणीनंतर घेतलेली पाण्याची बाटली अबू धाबीत टाकावी लागेल. रिकामी न्या, पुढे भरा. ड्युटी फ्रीचं अत्तर घेतलं तर दुकानाची सीलबंद पिशवी पोचेपर्यंत फोडायची नाही, पावती आतच राहू द्या. एका विमानतळावर जे चाललं ते दुसऱ्यावर चालेल असं नाही. एडिनबर्गला नवी यंत्रं आल्यापासून दोन लिटरपर्यंत द्रव हातात नेऊ देतात, अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये बूट काढायची सक्ती उठवली. पण वाटेतल्या सगळ्यांत कडक जो असेल त्याच्या हिशेबाने बॅग भरायची.

अधिकाऱ्याच्या प्रश्नांना लहान उत्तरं. कुठे चाललात: मुलीकडे. किती दिवस: परतीच्या तिकिटावर आहे तेवढे. पैसे कोण देणार: जे असेल ते. अप्पांना विचारलं तर अप्पांनीच बोलायचं, आईंनी मधून पुरवणी जोडायची नाही. आपली माणसं प्रेमापोटी जास्त सांगतात, आणि प्रत्येक जादा वाक्यातून एक नवा प्रश्न निघतो. मराठी दुभाषी मागता येतो. एका कागदावर इंग्रजीत मुलीचं नाव, पत्ता, फोन आणि "आम्हाला मराठी येतं" एवढं लिहून पासपोर्टमध्ये ठेवा.

अमळनेरनं पोऱ्या

आईला पुरवणी जोडू नको सांगणार कोण? ते पहिलं ठरवा.

फैजपूरचा, सध्या पुणे

शनिवारी गावी जाऊन आलो. काकूंचं पार्सल त्यांच्याच ओट्यावर बसून उसवलं. धुळेकर साहेबांची गरोदर बाईची गोष्ट आधी सांगितली, मग कात्री काढली. काकू पहिल्यांदा तोंड फिरवून बसल्या होत्या, गोष्ट ऐकल्यावर स्वतःच टाके काढायला लागल्या. आत बाळाची झबली-टोपडी, लोकरीचे मोजे, एक चांदीचा वाळा, आणि तळाशी एका जुन्या पावडरच्या डब्यात बिनलेबलची पूड. वेखंड. नातवाच्या अंगाला लावायला. कपड्यांच्या खाली, शिवलेल्या कापडात, बिनलेबलची पूड. मी अप्पांकडे बघितलं, अप्पांनी माझ्याकडे.

वेखंड ठेवून घेतलं, बाकी सगळं आईने आपल्या हाताने आपल्या बॅगेत लावलं. काकूंची सून म्हणाली वेखंड तिला तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं. हे ऐकून मात्र काकूंना जास्त वाईट वाटलं.

वांग्याचं बी निघालं. खोबरं निघालं, त्याची चटणी करून आम्ही खाल्ली. खापरावर चर्चा चालू आहे.

एक राहिलं. जळगावहून आदल्या रात्रीची गाडी धरली तर चालेल ना? विमान दुपारी आहे. आणि अप्पांच्या फोनसाठी पॉवर बँक घेतलीय, २०,००० एमएएचची. ती कुठे ठेवायची?

पारोळा ते टोरांटो

आदल्या रात्रीची नको, आदल्या दिवसाची धरा. पावसाळ्यात कसाऱ्याला गाडी किती वेळ उभी राहील याचा भरवसा नाही. ठाण्याला उतरा, रात्री कोणाकडे तरी मुक्काम करा आणि विमानाच्या चार तास आधी टर्मिनल दोनला पोचा. तिथे दारावरच तिकीट-पासपोर्ट बघतात, तुम्हाला आत सोडणार नाहीत, त्यामुळे व्हीलचेअरचा माणूस दाराशीच बोलवा. डिजीयात्राच्या रांगेत उभं राहू नका, ती देशांतर्गत प्रवासासाठी आहे.

धुळे ३२५ (निवृत्त)

पॉवर बँक हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये चुकूनही नाही, तिथे पेटली तर विझवायला कोणी नसतं. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची लागते, त्यावर नाहीच. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॅट-तास, तुमची बसते. हल्ली काही कंपन्या विमानात ती वापरू देत नाहीत, म्हणून फोन घरूनच भरून न्या. अमेरिकेच्या वाटेवर फोन चालू करून दाखवा म्हणू शकतात, बंद पडलेला फोन अडकवून ठेवतील.

आणि पॉवर बँकेवरचा आकडा वाचता येतोय का बघून घ्या. घासला गेला असेल तर दुसरी घ्या, आकडा दिसत नाही म्हणून ठेवून घेतलेल्यांचं टोपलं भरलेलं असतं.

फैजपूरचा, सध्या पुणे

बघितलं, दिसतोय. अप्पांनी त्यावर पेनने स्वतःचं नाव पण लिहिलंय, गावासकट.